पेग महाग, तरी पावलं तिकडेच का वळतात?

वाईन शॉपमधली क्वार्टर आणि त्याच रस्त्यावरच्या परमिट रूममधली क्वार्टर यांच्या किमतीत चांगलीच तफावत असते. बाटली तीच, सीलही तेच. बारमध्ये त्यावर सोडा आला, मसाला पापड आला, कर आला, टीप आली. निव्वळ हिशेब मांडला तर बारमध्ये बसणं तोट्याचंच. घरी फ्रीज आहे, ग्लास आहेत, डब्यात खारे शेंगदाणे आहेत. तरीही संध्याकाळचे साडेसात-आठ वाजले की नाक्यावरच्या त्या मंद उजेडाच्या खोलीत ठरावीक माणसं ठरावीक टेबलांवर येऊन बसतात. का?

व्यसन, असं उत्तर पटकन सुचतं, पण ते पुरत नाही. नुसतं व्यसन भागवायला घराचा कोपरा पुरतो आणि स्वस्तही पडतो. 2020 साली तर या प्रश्नाची परीक्षाच झाली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि बार बंद झाले. मे महिन्यात महाराष्ट्र सरकारने दारू घरपोच द्यायला परवानगी दिली, म्हणजे बाटली थेट दारात येऊ लागली. लोक बाटलीसाठीच बारमध्ये जात असते, तर बारचं काम तिथेच संपायला हवं होतं. 5 ऑक्टोबरला निम्म्या क्षमतेने बार उघडले आणि गिऱ्हाइकं परतली. घरपोच सेवेने बाटली दिली होती, बाकीचं काही तिला देता आलं नव्हतं. हे ‘बाकीचं’ म्हणजे नेमकं काय, ते इथे उलगडून पाहू. मला स्वतःला वस्तीतले छोटे बार आवडतात आणि ते टिकावेत असं मनापासून वाटतं, हे आधीच सांगते. आवडतात म्हणून त्यांच्यातलं काही झाकणार नाही.

जिथे कुणीच यजमान नसतं

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी 1989 साली एक सोपी मांडणी केली. माणसाची पहिली जागा घर, दुसरी कामाची. दोन्हीकडे आपण कुणाचे तरी कुणीतरी असतो: बाप, सून, मुलगा, साहेब, हाताखालचा माणूस. या दोन्हींच्या मधे एक तिसरी जागा लागते, जिथे यायला आमंत्रण लागत नाही, निघायला परवानगी लागत नाही आणि मुख्य काम गप्पा हेच असतं. कॉफी हाऊस, केशकर्तनालय, पुस्तकांचं दुकान, वस्तीतला बार ही त्यांची उदाहरणं. जागा दिसायला साधी असावी, रोजचे लोक तिथे असावेत आणि आत आल्यावर माणसाचा हुद्दा मागे पडावा, अशी त्यांची अपेक्षा होती.

आपल्याला हे नवं नाही. गावात पार होता, चावडी होती, देवळाचा ओटा होता, तालीम होती. शहरात इराणी हॉटेल आलं, वाचनालय आलं, चाळीची गॅलरी आली. मुंबईत तर ही चैन नव्हती, गरज होती. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींमधली खोली 160 चौरस फुटांची. त्यात आई-वडील, भावंडं, गावाहून आलेला पाहुणा, कोपऱ्यात शिलाई मशीन. अशा घरात चार मित्रांना बसवायचं कुठे? बाहेरची खुर्ची हाच मग दिवाणखाना. वांद्र्याच्या पाली नाक्यावरचं ‘जनता’ किंवा कुलाब्यातलं ‘गोकुळ’ ही नावं शहरभर झाली, पण प्रत्येक उपनगराच्या स्टेशनबाहेर त्यांची तेवढीच भरवशाची भावंडं आहेत, ज्यांची नावं फक्त त्या वस्तीला माहीत असतात.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे तिथे कुणीच यजमान नसतं. घरी चार मित्र ‘बसले’ की कांदा-टोमॅटो कोण चिरतं? बर्फाचे ट्रे कोण काढतं? अकरा वाजता ‘वहिनी, जरा अंडी असली तर’ ही हाक कुणाला जाते, आणि सकाळी ग्लास कोण विसळतं? घरच्या बैठकीची स्वस्ताई बऱ्याचदा घरातल्या बाईच्या कष्टांवर उभी असते आणि तो खर्च कुठल्याही बिलात येत नाही. बारमध्ये तो बिलात येतो. पेगमागे जे जादा पैसे मोजले जातात त्यांत खुर्चीचं भाडं आहे, तसाच कांदा चिरणाऱ्याचा पगारही आहे.

पाहुणा म्हणून कुणाकडे गेलं की हातात काहीतरी न्यावं लागतं, सगळ्यांची चौकशी करावी लागते, आणि लवकर उठलं तर ‘काय एवढ्यात?’ ऐकावं लागतं. बारमधून वीस मिनिटांत उठता येतं आणि कुणाला वाईट वाटत नाही. नात्यागोत्यांनी गच्च भरलेल्या आपल्या आयुष्यात ही मोकळीक फार मोलाची आहे.

ओळखीपुरती माणसं

रोजच्या बारमधल्या ओळखी विचित्र असतात. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ बँकेत होते, त्यांना पोहे आवडत नाहीत, मुलगा कॅनडात आहे आणि भारताची तिसरी विकेट पडली की ते टीव्हीकडे पाठ करतात, एवढं सगळं ठाऊक असतं. त्यांचं आडनाव मात्र माहीत नसतं. त्यांचा फोन नंबर नाही, घर कुठलं तेही नक्की ठाऊक नाही. पण ते चार दिवस दिसले नाहीत तर वेटरला विचारलं जातं, ‘बँकवाले काका कुठे आहेत?’

समाजशास्त्रात अशा ओळखींना सैल धागे म्हणतात. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली दाखवून दिलं की नोकरीची खबर जिवलग मित्राकडून येण्यापेक्षा तुरळक भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून येण्याची शक्यता जास्त. कारण उघड आहे. जिवलग मित्राला जे माहीत असतं ते आपल्याला आधीच माहीत असतं. दूरची ओळख दुसऱ्या वर्तुळातून आलेली असते, म्हणून तिच्याबरोबर नवी बातमी येते. नवीन डॉक्टर, भाड्याची खोली, पोराला क्लास, गाडीचा मेकॅनिक, कोर्टातला कारकून यांचा पत्ता असाच मिळतो.

पुढे 2014 मध्ये जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या मानसशास्त्रज्ञांनी याच धाग्यांची दुसरी बाजू तपासली. ज्या दिवशी अशा ओळखीपुरत्या माणसांशी नेहमीपेक्षा जास्त बोलणं होतं, त्या दिवशी माणसाला जास्त बरं वाटतं आणि आपण या जगात कुठेतरी सामावलेले आहोत असं वाटतं, हे त्यांना आढळलं. घरच्यांचं प्रेम वेगळं, ते अपेक्षांसकट येतं. बँकवाले काका आपल्याकडून कसलीच अपेक्षा ठेवत नाहीत. त्यांनी मान हलवली, आपण हलवली, एवढ्यावर दिवसाचा ताण उतरतो. निवृत्त झालेल्या, जोडीदार गेलेल्या, किंवा नोकरीसाठी एकट्याने शहरात राहणाऱ्या माणसासाठी ही मान हलवणं कधीकधी दिवसभरातली एकमेव ओळख असते. एकटेपणावर औषध म्हणून दारू वाईटच आहे. पण रोज भेटणारी ओळखीची तोंडं हे औषध खरं आहे, आणि आपल्या शहरांत ते मिळण्याची ठिकाणं कमी होत चालली आहेत.

चार खुर्च्यांचं टेबल

परमिट रूममध्ये बहुतेक टेबलं चौघांची असतात. मालकाने ती खोलीच्या मापाने मांडलेली असतात, पण त्यात एक नैसर्गिक मर्यादाही बसते. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी माणसांच्या गप्पांचे गट न्याहाळले. एका संभाषणात साधारण चार माणसंच नीट टिकतात. पाचवा आला की थोड्या वेळात एकाचे दोन गट होतात. कुठल्याही लग्नाच्या पंगतीत बघा, हेच दिसेल. चौघांच्या टेबलावर प्रत्येकाचं ऐकून घेतलं जातं आणि कुणी गप्प झालं तर ते लक्षात येतं.

याच डनबार यांनी 2016 साली ब्रिटनमधल्या ‘कॅमरा’ या बिअरप्रेमींच्या संघटनेसाठी पबचा अभ्यास केला. ज्यांचा घराजवळ एक नेहमीचा पब आहे, त्यांना जवळचे मित्र जास्त होते, आपल्या वस्तीवर त्यांचा विश्वास जास्त होता आणि ते आयुष्याबद्दल जास्त समाधानी होते. हे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, संघटना पबच्या बाजूची आहे. दोन, मित्र जास्त असलेली माणसंच पबमध्ये जास्त जात असतील, म्हणजे पबमुळे मित्र की मित्रांमुळे पब हे अशा अभ्यासातून ठामपणे सांगता येत नाही. तरी यातला एक तपशील पटण्यासारखा आहे: फरक ‘घराजवळच्या, नेहमीच्या’ जागेमुळे पडतो. कुठल्याही झगमगाटी लाऊंजमध्ये जाऊन तो पडत नाही.

कारण सोपं आहे. लाऊंजमध्ये संगीत इतकं मोठं असतं की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं. तिथले वेटर चार महिन्यांत बदलतात, गर्दी दर शुक्रवारी वेगळी. वस्तीतल्या बारमध्ये टीव्ही चालू असतो पण आवाज बारीक, पंखा घरघरतो, आणि कोपऱ्यातल्या टेबलावरचं भांडण मनोहर जोशी चांगले की नारायण राणे यावर वर्षानुवर्षं चाललेलं असतं.

वेटर नावाची संस्था

मला विचाराल तर अशा बारचा खरा आधारस्तंभ मालक नसतो, वेटर असतो. मुंबई-पुण्यातले कितीतरी बार उडुपी-मंगळूरकडच्या शेट्टी मंडळींनी उभे केले, आणि आतले वेटर पूर्वी तिकडचेच असत. आता ओडिशा, झारखंड, उत्तर प्रदेशातून आलेली पोरंही दिसतात. जुना वेटर गिऱ्हाईक दारात दिसताच कामाला लागतो. विचारपूस नाही. ग्लास येतो, अर्धा सोडा आणि अर्धं पाणी, बर्फाचे दोन खडे, काकडीवर मीठ कमी कारण गेल्या वर्षी ब्लडप्रेशर निघालं. ‘नेहमीचं’ हा शब्दही उच्चारावा लागत नाही. दिवसभर ओटीपी आणि ओळखपत्रं दाखवत फिरणाऱ्या माणसाला इथे कुणी ‘तुम्ही कोण?’ विचारत नाही. ओळखलं जाण्याचं हे सुख पैशात मोजता येत नाही, तरी त्यासाठी पैसे मोजायला माणसं तयार असतात.

विश्वास तर दारूच्या धंद्यात जीवन-मरणाचा असतो. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं दगावली. क्वार्टर बारमध्ये तर सीलबंद बाटली टेबलावर आणून गिऱ्हाइकासमोर फोडण्याची पद्धत आहे. पेग मागितला तर धातूच्या मापातून समोर ओतला जातो, 30 किंवा 60 मिलि. एकटा असलेला माणूस ‘नाइंटी’ मागतो, म्हणजे क्वार्टरची अर्धी. माप नीट भरणारा वेटर गिऱ्हाईक कधी सोडत नाही, आणि गिऱ्हाईकही त्याला सोडत नाही.

त्याच वेटरचं आणखी एक काम असतं, जे मी फार आदराने पाहते. एखाद्याचा आवाज चढू लागला, हात टेबलावर आपटू लागला की तो जवळ येतो आणि हळूच विचारतो, ‘साहेब, जेवण लावू?’ नकार नाही, उपदेश नाही. पुढचा पेग येणार नाही हे साहेबांना कळतं, टेबलावरच्या मित्रांना कळतं, आणि कुणाची इज्जत जात नाही. डाळ-भात येतो, नंतर रिक्षा बोलावली जाते. अनोळखी जागेत हे होत नाही, कारण अनोळखी माणसाला थांबवायची कुणालाच गरज वाटत नाही.

हा अंधार आला कुठून?

बाहेरगावच्या माणसाला आपले बार पाहून एक प्रश्न पडतो. काचा काळ्या, दाराला पडदा, आत फळ्यांचे आडोसे आणि नावाखाली ‘परमिट रूम’ अशी पाटी. याचं मूळ 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात आहे. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते आणि मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. प्यायची असेल तर परवाना हवा, आणि तो प्रकृतीच्या कारणाने मिळे. म्हणजे कागदोपत्री प्रत्येक पिणारा माणूस आजारी होता.

उरलेली तहान मग घराघरांतून भागू लागली. मुंबईतल्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये ‘आंटीचे अड्डे’ सुरू झाले. कुणा बाईच्या पुढच्या खोलीत दोन बाकं, हातभट्टीची दारू, सोबत उकडलेली अंडी आणि चणे. धंदा बेकायदा, धाडीची भीती कायम, आणि दारूचा भरवसा आंटीच्या सचोटीवर. पण खोली घरातली होती, आंटी सगळ्यांना ओळखत होती, आणि कुणी जास्त झालं तर तीच हाकलून देत होती. आजच्या वस्तीतल्या बारचं घरपण मला बरंचसं तिथून आलेलं वाटतं.

महाराष्ट्र वेगळा झाल्यावर साठच्या दशकात बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली. कायदा मात्र राहिला. आजही महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना 5 रुपयांना मिळतो, आजन्म परवाना 1000 रुपयांना. बिअर प्यायला वय 21 पूर्ण हवं, कडक दारूला 25. परवानाधारकांनी बसून प्यायची खोली ती परमिट रूम. दुसरीकडे देशी दारूच्या दुकानात बहुतेक ठिकाणी उभ्यानेच ग्लास रिकामा करून निघायचं असतं. तिथे संत्र्याच्या वासाची देशी मिळते, पण बसायला जागाच नाही, म्हणून गप्पा रुजत नाहीत. बसायला खुर्ची असणं आणि नसणं यातून दोन संपूर्ण वेगळ्या संस्कृती तयार झाल्या, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात बोलकं वाटतं.

म्हणजे बारमधला जो मंद उजेड आणि आडोसा आपल्याला आज उबदार वाटतो, तो आधी लाजेपोटी आला असावा, असा माझा अंदाज आहे. कुणी पाहू नये म्हणून पडदा लागला, आणि पडद्याआड बाहेरच्या जगाचा धाक विसरता येतो हे नंतर लोकांच्या लक्षात आलं.

गोव्यातली उघडी दारं

लाज नसती तर हीच जागा कशी दिसली असती, ते पाहायला गोव्यात जावं. समुद्रकिनाऱ्यावर नको, गावात किंवा पणजीच्या जुन्या वस्तीत. तिथलं तावेर्न म्हणजे बऱ्याचदा घराचीच रस्त्याकडची खोली. दार उघडं, आत लाकडी काउंटर, भिंतीवर येशूची तसबीर, फळीवर काचेचे मोठे बुधले, दोन बाकं. दुपारी जेवण आणि वामकुक्षीसाठी बंद, संध्याकाळी पुन्हा उघडं. सांतोमे भागातला जोझेफ बार आज पर्यटकांनाही माहीत झाला आहे, पण त्याची खोली अजून एवढीशीच आहे. जागा अपुरी म्हणून माणसं ग्लास घेऊन रस्त्यावर उभी राहतात आणि येणारा-जाणारा त्यांच्या गप्पांत सहज सामील होतो.

गोव्याचं तावेर्न ऋतूंशीही बांधलेलं आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर काजूची बोंडं पिकतात, ती तुडवून रस काढतात, रस आंबवून भट्टीवर चढवतात. पहिल्या वेळी उतरतो तो हुर्राक, सौम्य आणि फळाच्या वासाचा. तो पुन्हा उकळून उतरवली की फेणी. फेणी वर्षानुवर्षं टिकते, हुर्राक टिकत नाही. म्हणून मार्च ते मे या दिवसांत ‘हुर्राक आला का?’ हा प्रश्न गावभर फिरतो. लिंबाचं सरबत किंवा सोडा, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, एवढाच थाट. गोव्याच्या काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी गावातलं तावेर्न चालवायला पुढची पिढी तयार असतेच असं नाही. कमाई थोडी, वेळ पहाटेपासून रात्रीपर्यंत, आणि त्याच खोलीत कॅफे काढला तर भाडं दुप्पट.

खुर्ची सगळ्यांना मिळत नाही

आता ज्या गोष्टी खुपतात त्या. हुद्दा मागे पडतो म्हणतात, पण एसी आणि नॉन-एसी हॉलचे दर वेगळे असतात आणि माणसं आपोआप वेगळी बसतात. बाईला तर मोठ्या हॉलमध्ये जागाच नसते. मी मैत्रिणीबरोबर एका बारमध्ये गेले की वेटर न विचारता माळ्यावरच्या ‘फॅमिली रूम’कडे हात दाखवतो. तिथे एसी असतो, दर जास्त असतो, गप्पा मारायला दुसरं टेबल नसतं. सुरक्षिततेसाठी करतात हे मला कळतं. पण तिसऱ्या जागेचा जो फायदा वर सांगितला, ओळखीपुरत्या माणसांचा, तो माळ्यावर बसून मिळत नाही. बायकांची तिसरी जागा कुठली, हा प्रश्न आपल्या शहरांनी अजून गंभीरपणे विचारलेला नाही.

आणि दारू ही दारूच आहे. आरोग्याच्या दृष्टीने दारूचं कुठलंही प्रमाण पूर्ण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं. महाराष्ट्रातल्या अनेक गावांतल्या बायकांना त्यासाठी संघटनेची वाट पाहावी लागली नाही. आपल्याकडे गावातलं किंवा वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करायला मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, तीही लोकांच्या आंदोलनातून आली. ज्या घरात पगाराचं पाकीट रिकामं होऊन येतं, मार बसतो, तिथल्या बाईला बारच्या ऊबदारपणाचं कौतुक सांगायला मी जाणार नाही. तिचं म्हणणं बरोबर आहे. माझं म्हणणं इतकंच की बारमधून जी ओळख, जे बोलणं, जी बसायची जागा मिळते ती माणसाची खरी गरज आहे. बाटली आडवी केल्यावर त्या गरजेचं काय करायचं, याचाही विचार व्हायला हवा. गावात वाचनालय उघडं असेल, तालीम चालू असेल, रात्री नऊपर्यंत चहाची टपरी असेल, तर तो विचार सोपा जातो.

बंद पडतो तेव्हा काय जातं

डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला. 1 एप्रिल 2017 पासून तो लागू झाला. उद्देश अपघात रोखण्याचा होता आणि तो रास्तच होता. पण शहरांतून जाणारे कितीतरी रस्ते कागदावर महामार्ग असल्याने वस्तीतले, चालत जायचे बारही एका रात्रीत बंद झाले. काही महिन्यांनी पालिका हद्दीतल्या रस्त्यांना सवलत मिळाली. मधल्या काळात जे झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे: गिऱ्हाईक गाडी काढून लांबच्या बारमध्ये जाऊ लागलं. 100 मिलि रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलं की गाडी चालवणं गुन्हा आहे. चालत जाऊन चालत परत येता येणं ही वस्तीतल्या बारची सगळ्यात मोठी सुरक्षा, आणि नियम करताना तिचाच विसर पडला.

करांचंही तसंच. परमिट रूममध्ये बसून पिण्यावरचा व्हॅट नोव्हेंबर 2023 मध्ये 5 टक्क्यांवरून 10 टक्के झाला, आणि 2025 मध्ये उत्पादन शुल्कही वाढलं. 14 जुलै 2025 रोजी राज्यातल्या बारमालकांनी निषेध म्हणून एक दिवस बंद पाळला. दारू महाग करून पिणं कमी होत असेल तर मला आनंदच आहे. पण बसून पिणं महाग आणि दुकानातून नेणं त्यामानाने स्वस्त, अशी रचना झाली की माणूस टेबलावरून उठून रस्त्याच्या कडेला गाडीत, पुलाखाली, मैदानाच्या अंधारात जातो. तिथे ‘जेवण लावू?’ विचारणारं कुणी नसतं. त्यात पुनर्विकासाची भर. जुन्या इमारतीतला गाळा पाडला जातो, नव्या टॉवरच्या तळमजल्याचं भाडं छोट्या बारला परवडत नाही, वेटर गावी जातो किंवा दुसऱ्या उपनगरात काम धरतो. दारू पलीकडच्या चौकातही मिळते. बँकवाले काका मात्र तिथे नसतात, आणि त्यांचा नंबर तर कुणाकडेच नव्हता.

नव्या वस्तीत राहायला गेलात आणि अशी जागा शोधायची असेल तर शनिवारी जाऊ नका, मंगळवारी सात वाजता जा. शनिवारची गर्दी कुठेही असते, मंगळवारी फक्त नेहमीचे येतात. एकेकटी माणसं निवांत बसलीत का, टीव्हीचा आवाज बोलू देतोय का, वेटर पाण्याची बाटली गळ्यात मारतो की जग भरून ठेवतो, ते पाहा. खालच्या हॉलमध्ये एखादी बाई निर्धास्त बसलेली दिसली तर फारच उत्तम. आणि नुसता लिंबू सोडा घेऊन तासभर बसलेल्या माणसाला तिथे कुणी उठवत नसेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.